शिवता शिवताच गोधडी: पट्टे, घरचं मशीन आणि ते मधलं जोडकाम

तिरकी टीप

नमस्कार मंडळी. मागे भरतकामाच्या गप्पांमध्ये कुणीतरी विचारलं होतं की घरच्या मशीनवर मोठी गोधडी होते का, आणि मी "होते की, सांगते सवडीने" असं लिहून पळून गेले होते. आता तीन झाल्यात, एक फसलेली धरून, म्हणून लिहायला बसले.

आधी अडचण सांगते. साध्या मशीनला सुई आणि उजवीकडचा खांब यांच्यामध्ये जागा असते सहा-सात इंच. 60 बाय 90 ची सिंगल गोधडी, आत भरण, खाली अस्तर, हे सगळं गुंडाळून त्या फटीतून घालायचं म्हणजे संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये गादी घेऊन चढण्यासारखं आहे. मी केलंय. अर्ध्या तासात खांदे भरून आले आणि खाली अस्तराला अशा चुण्या पडल्या की उसवायला दोन दिवस गेले.

तर यावर इलाज म्हणजे ज्याला बाहेरचे लोक क्विल्ट अ‍ॅज यू गो म्हणतात तो प्रकार. नेहमीच्या पद्धतीत आधी वरचा तुकड्यांचा थर वेगळा शिवायचा, मग तीन थर एकावर एक घालून परत सगळीकडे टिपा मारायच्या. इथे ती दोन कामं एकाच टिपेत होतात. पट्टा जोडणारी टीपच खाली भरण आणि अस्तर पकडते. आणि अख्खी गोधडी एकदम नाही करायची, तिचे लांबट भाग करायचे आणि शेवटी भाग जोडायचे.

मी 60 बाय 90 साठी 20 इंच रुंद आणि 90 इंच लांब असे तीन भाग केले. पट्टे आडवे, म्हणजे 20 इंचाच्या बाजूने. हिशोब सांगते कारण मला कुठे नीट सापडला नव्हता. पट्टा साडेतीन इंचाचा घ्यायचा, दोन्हीकडे पाव पाव इंच माया (शिवणीत जाणारं कापड) गेली की दिसतो तीन इंच. 90 भागिले 3 म्हणजे 30 पट्टे, पण शिवताना थोडं आत ओढलं जातं म्हणून 31 धरा. तीन भागांचे 93. माझ्या आईच्या सुती साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, काठ सोडून 44 इंच भरला, म्हणजे एका आडव्या पट्ट्यात 22 इंचाचे दोन. 47 पट्टे फाडले की काम झालं, 47 गुणिले साडेतीन, साधारण सव्वाचार मीटर. म्हणजे खरं तर एका साडीत वरचा थर निघतो! पण एकाच साडीची कोण करतंय, मी पाच साड्यांमधून थोडं थोडं घेतलं आणि उरलेल्या साड्या परत कपाटात गेल्या, आई म्हणाली आता या नेसू की शिवू.

कृती. अस्तर उलटं पसरा, त्यावर भरण, दोन्ही मापापेक्षा इंच इंच मोठी. भरणावर पेन्सिलने बरोबर मध्ये आडवी रेघ मारा. पहिला पट्टा रेघेला धरून सुलट ठेवा. दुसरा त्यावर उलटा, कडेला कड. पाव इंचावर टीप, सगळ्या थरांतून आरपार. मग दुसरा पट्टा उलगडून पुढे सुलट पसरा, दाबा, त्याच्या मोकळ्या कडेवर तिसरा उलटा ठेवा, टीप, उलगडा, दाबा. झालं. हेच करत राहायचं. लय लागली की एक भाग दीड तासात होतो, रेडिओ लावून.

दाबायला दर वेळी इस्त्रीपाशी उठायचं नाही. मी पोळपाटाजवळचं लाटणं मशीनवर ठेवते आणि शिवणीवरून एकदा गच्च फिरवते. पॉलिस्टरचं भरण असेल तर गरम इस्त्री तशीही नको, ते चपटं होतं आणि जास्त तापली तर चिकटतं.

भाग तयार झाला की चारी बाजू सरळ कापायच्या. माझ्याकडे ती मोठी हिरवी कापायची मॅट नाही. आमच्या हॉलला दोन फुटी टाइल्स आहेत, त्यांच्या सांध्यावर भाग पसरला की काटकोन फुकटात मिळतो, स्टीलची पट्टी लावून खडूने रेघ मारली आणि कात्रीने कापलं.

जोडकाम पुढच्या पोस्टमध्ये सांगते, चहा गार होतोय.

मुगाचं बिरडं

ताई मस्तच!! भाचीचं बारसं तीन आठवड्यांवर आलंय आणि मी वहिनीला बोलून बसलेय की दुपटं मी शिवणार. आधी कधी रुमालसुद्धा शिवला नाही. दुपट्याला माप काय धरू आणि आत काय घालू? ऑनलाइन बघितलं तर वॅडिंग, बॅटिंग, फायबर, जीएसएम, काही कळेना.

तिरकी टीप

@बिरडं, दुपट्याला भाग पाडायची गरजच नाही, एकच तुकडा. 36 बाय 42 धर. अडीच इंची पट्टे, दिसतात दोन, म्हणजे 42 ला 21 पट्टे, वर एखादा जास्त. प्रत्येक 38 लांब घे. एका रविवारचं काम आहे, घाबरू नकोस.

वॅडिंग, बॅटिंग, फायबर म्हणजे आत घालायचं तयार भरण, आणि जीएसएम म्हणजे त्याचं दर चौरस मीटरला ग्रॅममध्ये वजन. आत पॉलिस्टर वॅडिंग नको. बाळ घामाघूम होईल. जुनी मऊ सुती चादर एक थर किंवा फ्लॅनेल. मी मोठ्या गोधडीत एकीत 150 जीएसएमचं पॉलिस्टर घातलं होतं, दिसायला फुगीर छान, पण पुण्यात ती डिसेंबरचे पंधरा दिवस सोडले तर पायाशीच असते. दुसरीत जुनं सुती ब्लँकेट घातलं, ती वर्षभर वापरात आहे.

आणि हो, अस्तर मांजरपाटाचं घेणार असशील तर आधी धुऊन वाळवून घे. कोरा मांजरपाट चांगलाच आटतो, नंतर आटला तर दुपट्याचा पापड होईल.

टेलर मास्तर (निवृत्त)

छान लिहिलंय. 38 वर्षं कपडे शिवले, गोधडी कधी शिवली नाही, पण मशीन तेच आहे म्हणून चार गोष्टी.

सुई 14 नंबर, भरण जाड असेल तर 16. जुनी सुई लावून बसू नका, एवढ्या थरांत बोथट सुई टाके सोडते आणि मग लोक टेन्शनच्या चकतीशी खेळत बसतात. टाका थोडा मोठा ठेवा, तीन मिलिमीटर. दांडीवरचा दाबाचा स्क्रू जरा सैल करा, म्हणजे पाय कापडावर कमी दाबेल. खालचं कापड पुढे ओढलं जातं आणि वरचं मागे राहतं ते त्या दाबामुळे. वॉकिंग फूट मिळाला तर उत्तम, तो वरचं कापडही खालच्याबरोबर ओढतो, पण काळ्या साध्या मशीनला तो बसेलच असं नाही, तिथे स्क्रूच आपला.

बॉबिनमधला दोरा अस्तराच्या रंगाचा घ्या. मागे प्रत्येक टीप दिसणार आहे. चार-पाच बॉबिनी आधीच भरून ठेवा.

एक मात्र पटलं नाही. साडी फाडून पट्टे? फाडल्यावर कड ताणली जाते, दोरे सुटतात, पाव इंच मायेतले चार-पाच दोरे तिथेच गेले. कात्रीने कापा.

तिरकी टीप

मास्तर, स्क्रूचं मला माहीतच नव्हतं, आत्ता सैल करून बघितलं, खूपच फरक!

फाडण्याबद्दल मात्र मी फाडणारच. एक तर धाग्याला धाग्यात सरळ जातं, माझ्या कात्रीने जात नाही. आणि दुसरं म्हणजे तो टर्रर्र आवाज. आईची साडी कापायला माझा हात धजत नव्हता, पहिला अर्धा इंच कात्रीने कापून डोळे मिटून फाडली, मग पुढच्या सेहेचाळीस वेळा काही वाटलं नाही. दोरे सुटतात हे खरंय. त्यावर मी फाडायच्या आधी साडीला स्टार्च करते, घरात साबुदाण्याचं पाणी असतंच. मऊ साडी त्याने कागदासारखी होते, पट्टे हलत नाहीत.

जुनी साडी निवडताना उजेडाला धरून बघा. घडीच्या रेघेवर जाळी दिसली की ती साडी वरच्या थराला नको, अंगठ्याने ताणली तरी फाटते. ती आत भरणात घाला.

वाकळवाला

धागा चांगला आहे, मेहनत दिसते, पण एक विनंती, याला गोधडी म्हणू नका. क्विल्ट म्हणा.

गोधडी म्हणजे हाताची. आमच्या मिरजेकडे वाकळ म्हणतात. ओसरीवर लुगडं पसरायचं, आत जुनी धोतरं, परकर, काय असेल ते, वर तुकडे मांडायचे आणि चार बाया चार बाजूंनी बसून धावदोरा घालत कडेकडून आत यायच्या. दोन दोऱ्यांत बोटभर अंतर. आजी शेवटचा कोपरा बंद करायच्या आधी भाकरीचा तुकडा आत सरकवायची, वाकळ उपाशी ठेवायची नाही म्हणायची. त्या धावदोऱ्यामुळे जी सुरकुती पडते ना अंगभर, ती तुमच्या मशीनच्या टिपेला येणार नाही. मशीनची टीप कापडाला आवळून धरते, पत्र्यासारखी ताठ. आमच्या वाकळा पंचवीस वर्षं टिकल्या.

तिरकी टीप

वाकळवाले, भाकरीचा तुकडा हे फार आवडलं, मुंग्या लागत नव्हत्या का पण?

बाकी नावावरून भांडायची माझी तयारी नाही. माझी आजी नगरची, ती दुपट्यापासून लेपाटापर्यंत सगळ्याला गोधडीच म्हणायची. चार बाया चार बाजूंना मला कुठून मिळणार, आमच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टच्या मीटिंगला चार जमत नाहीत.

पण तुमचा एक मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो मी पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवा होता. आत जुन्या साड्यांचे सुटे थर घालणार असाल तर तीन इंचावर एक टीप पुरत नाही. तयार बॅटिंगमध्ये तंतू एकमेकांत अडकवलेले असतात, त्याला लांबची टीप चालते. सुटी साडी आत सरकते, धुतल्यावर तिचा एका कोपऱ्यात बोळा होतो. माझी फसलेली गोधडी तीच! दोन साड्या आत घातल्या, पट्टे चार इंचाचे ठेवले, तिसऱ्या धुण्यात आतली साडी पायाकडे जाऊन बसली. आता पायाशी उशी आणि छातीवर पदर अशी अवस्था आहे. तेव्हा साड्यांचं भरण असेल तर पट्टे दीड-दोन इंचाचे घ्या, किंवा प्रत्येक पट्ट्याच्या मध्यावर अजून एक टीप मारा. तुमच्या आजीचं बोटभर अंतर उगाच नव्हतं.

काळीनदी

धारवाडहून वाचतेय. वाकळवाल्यांनी जे कडेकडून आत यायचं सांगितलं ते आमच्याकडे कौदीत, म्हणजे इकडच्या गोधडीत आहे, आणि हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी (मूळ आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या) बायका तर जे करतात ते या धाग्यातल्या पद्धतीच्या अजून जवळ जातं.

त्या वरचा थर वेगळा जोडतच नाहीत. खाली साडी, त्यावर एका कोपऱ्यापासून एक एक तुकडा कड दुमडून ठेवायचा आणि धावदोऱ्याने थेट खालपर्यंत शिवायचा. त्याच ओळीत पुढचा तुकडा. चौकोनी गोल गोल फिरत आत आत यायचं, शेवट बरोबर मध्यभागी. म्हणजे तुकडा लावणं आणि थर पकडणं एकाच टाक्यात. फरक इतकाच की त्यांचा तुकडा वरून दिसणाऱ्या टाक्याने बसतो, तुमचा पट्टा उलटा शिवून उलगडायचा, म्हणून टीप लपते. चारी कोपऱ्यांना त्या दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात, फुलाशिवाय कौदी नागडी दिसते म्हणतात. भाषाही गंमतशीर आहे, घरात बोलतात ती कोकणी, पण मराठी आणि कानडी मिसळलेली, मला अर्धी कळते.

वाकळवाला

हे माहीत नव्हतं. धन्यवाद. कोपऱ्याची फुलं आमच्याकडे नव्हती. आणि मुंग्यांचं विचारलंत म्हणून, लागायच्या. आजी म्हणायची लागू देत.

बर्फातली पैठणी

मिशिगनहून लिहितेय. इथे हे सगळं फार सोपं करून ठेवलंय, जेली रोल म्हणून अडीच इंची पट्ट्यांची गुंडाळीच मिळते, साधारण 40 पट्टे, कापायचं कामच नाही. सुती बॅटिंगच्या पाकिटावर लिहिलेलं असतं की टिपांमध्ये जास्तीत जास्त किती अंतर चालेल, माझ्याकडच्या वॉर्म अँड नॅचरलवर 10 इंच आहे. ताईंच्या आतल्या सुट्या साडीला मात्र लांबचं अंतर चाललं नाही, म्हणून ती सरकली.

पट्ट्यांच्या गोधडीवरून एक सांगते, अलाबामामध्ये जीज बेंड म्हणून नदीच्या वळणात अडकलेलं गाव आहे, तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी शेतावरच्या फाटक्या पँटी, पीठाच्या गोण्या यांच्या पट्ट्या लावून वर्षानुवर्षं गोधड्या केल्या, थंडीसाठी, शोभेसाठी नाही. 2002 मध्ये ह्यूस्टनच्या म्युझियममध्ये आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनीमध्ये त्या भिंतीवर टांगल्या, 2006 मध्ये पोस्टाची तिकिटं निघाली. नुसत्या उभ्या पट्ट्यांच्या नमुन्याला त्या लेझी गल म्हणतात, म्हणजे आळशी बाई! मी माझ्या गिल्डमध्ये, म्हणजे इथल्या गोधडीवाल्यांच्या मंडळात, सांगितलं की आमच्या मराठी ग्रुपवर पण सध्या आळशी बायांचं संमेलन चालू आहे.

मुगाचं बिरडं

आळशी बाई हजर आहे. पट्टे कापले (मास्तर, कात्रीने!). पण मला वाटतं माझं काहीतरी चुकतंय. सहा टिपा झाल्या आणि दुपटं केळ्यासारखं वाकायला लागलंय. टाइलच्या रेघेवर ठेवलं तर एका टोकाला दीड इंच बाहेर. माप बरोबर होतं आई शप्पथ.

टेलर मास्तर (निवृत्त)

सगळ्या टिपा एकाच बाजूने मारल्या का?

मुगाचं बिरडं

हो, वरून खाली. दर वेळी तिथूनच सुरू करते, सोयीचं पडतं.

टेलर मास्तर (निवृत्त)

तेच. मशीन कापड एका दिशेने जरासं ढकलतं, प्रत्येक टिपेत थोडं थोडं, सहा टिपांत दीड इंच. एक पट्टा वरून खाली, पुढचा खालून वर. आणि मध्यापासून सुरुवात केली आहे ना? मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पट्टा लावा. एकाच बाजूला पळत सुटू नका.

बर्फातली पैठणी

+1. आणि पट्टा ठेवताना ओढून कडेला पोचवायचा नाही, नुसता ठेवायचा. कमी पडला तर कमी पडू दे. मी पहिल्यांदा ओढून ओढून बसवले होते, गोधडीची वाटी झाली होती.

तिरकी टीप

बिरडं, शेवटच्या चार टिपा उसव, पहिल्या दोन राहू दे. उसवायला दर चौथा टाका काप आणि मागून दोरा ओढ, सरळ निघतो.

आता जोडकाम, जे मी टाळत होते. दुपट्याला लागणार नाही, पण मोठी करणाऱ्यांसाठी.

तीन भाग तयार, कापून सरळ. आता दोन भाग एकमेकांना शिवायचे तर जाडी होते सहा थरांची, मशीन रडतं आणि मध्ये दोरखंडासारखी शिवण येते, झोपल्यावर पाठीला लागते. म्हणून भाग एकमेकांवर ठेवायचेच नाहीत, शेजारी शेजारी आणायचे आणि दोन पट्ट्यांनी पूल बांधायचा, एक पुढून, एक मागून.

पुढची पट्टी 1 इंच रुंद. मागची पावणेदोन इंच, तिला लांबीत मध्ये दुमडून इस्त्री मारायची, म्हणजे दुपदरी पाऊण इंचापेक्षा जराशी मोठी होते. पहिल्या भागाच्या कडेला पुढून 1 इंची पट्टी सुलट बाजू खाली करून, मागून दुमडलेली पट्टी तिच्या मोकळ्या कडा भागाच्या कडेला लावून, दोन्ही टाचण्यांनी एकत्र पकडायच्या आणि पाव इंचावर एकच टीप. एका टिपेत पुढची आणि मागची दोन्ही बसल्या. आता दुसरा भाग घ्या, त्याच्या पुढच्या बाजूवर त्या 1 इंची पट्टीची दुसरी कड, सुलटवर सुलट, पाव इंच, टीप. इथे मागची दुमडलेली पट्टी टिपेत येऊ द्यायची नाही, बाजूला टाचून ठेवा. उलगडलं की दोन्ही भाग शेजारी येतात आणि आतल्या माया बरोबर मध्ये एकमेकांना टेकतात, फट राहत नाही, उंचवटाही नाही. मागे दुमडलेली पट्टी सांध्यावरून पलीकडे पसरते, दुसऱ्या टिपेला जेमतेम झाकते, तिची दुमड हाताने तुरपायची.

गंमत म्हणजे रुंदी बदलत नाही. दोन्ही भागांचा पाव पाव इंच गेला आणि पट्टीचा अर्धा आला. वीस त्रिक साठ, साठच.

कोपऱ्यातला कोपरा

तीनदा वाचलं. मागची पट्टी कुठे जाते तेच कळेना. दुमडलेली बाजू भागाच्या कडेकडे की आतकडे?

तिरकी टीप

दुमड आतकडे, म्हणजे भागाच्या पोटाकडे. मोकळ्या कडा बाहेर, भागाच्या कडेबरोबर. मी पहिल्यांदा नेमकं उलटं केलं होतं, 90 इंच शिवून झाल्यावर कळलं. तू आधी वर्तमानपत्राच्या कागदांवर कर, खरंच, दोन पानं म्हणजे दोन भाग, स्टेपलर म्हणजे टीप. पाच मिनिटांत डोक्यात बसतं. माझ्या नवऱ्याला असंच समजावलं, त्याला आता माझ्यापेक्षा चांगलं सांगता येतं, शिवत मात्र नाही.

टेलर मास्तर (निवृत्त)

पट्टीशिवायही होतं. एका भागाचं अस्तर इंचभर जास्त ठेवा, भरण मात्र कडेपासून पाव इंच आत कापा. शर्टाच्या बाजूला जशी पक्की शिलाई घालतो, एक कड दुसरीवर पालथी घालून दुसरी टीप, तशी घाला. पण टीप पुढून दिसते, आणि हात बसलेला पाहिजे. नवीन माणसाने ताईंचंच करावं.

काळीनदी

रंगाचं कुणी बोललं नाही. लाल किंवा गर्द निळी साडी पांढऱ्याशेजारी लावणार असाल तर आधी ओल्या पांढऱ्या रुमालाने घासून बघा. रुमालाला रंग आला तर ती साडी नको. माझ्या बहिणीच्या कौदीचा पांढरा भाग पहिल्याच धुण्यात गुलाबी झाला.

कोपऱ्यातला कोपरा

मिठाच्या पाण्यात भिजवून ठेवलं तर रंग पक्का होतो ना?

काळीनदी

आई पण हेच सांगते. मी तीन साड्या ठेवून बघितल्या, तिन्हींचा रंग नंतर गेलाच. दोन-तीन वेळा वेगळं धुऊन जास्तीचा रंग काढून टाकणं एवढंच मला उपयोगी पडलंय.

बर्फातली पैठणी

गोटाला, म्हणजे चारी कडांच्या पट्टीला, काय लावता? मी एकदा साडीचा जरीचा काठ लावला, फार देखणा दिसला, पहिल्या धुण्यानंतर काठ वेगळा आटला आणि चारी बाजूंनी गोधडीला झालर आली. शिवाय नकली जर गालाला टोचते. @बिरडं, बाळाला तर अजिबात नको.

तिरकी टीप

अगदी. साधी सुती पट्टी, अडीच इंची, दुहेरी दुमडून. पुढून मशीनने, मागून हाताने. कोपऱ्यात पट्टी आधी वर उभी दुमडायची आणि मग खाली, आपोआप तिरका कोपरा येतो.

काठ वाया घालवू नका मात्र. मी एकेका भागात मध्येच एक पट्टा सुती काठाचा टाकते, जर नसलेला. आईच्या इरकलचा काठ आता माझ्या गुडघ्याच्या आसपास येतो.

दुकानदार नाही

या विकता येतील का? कितीला जाईल?

तिरकी टीप

विकायचा विचार केला होता. कापड घरचं धरलं तरी माझे दोन शनिवार-रविवार जातात, हातशिलाईचे तास वेगळे. शेजारणीने विचारलं, मी आकडा सांगितला, ती म्हणाली एवढ्यात तर डबलबेडचं रजई-चादर-उशी सगळं येतं. खरंय तिचं. तेव्हापासून विषय बंद.

मुगाचं बिरडं

झालं!!! फोटो चढत नाहीये, साइज मोठी म्हणतंय, रात्री टाकते.

एकवीस पट्टे, केळं सरळ झालं, गोट पण लागला. पिवळा माझ्या आईच्या साडीचा, निळा वहिनीच्या आईच्या, म्हणजे दोन्ही आज्या आल्या. एकच घोळ, गोटाची मागची बाजू मी हाताने न तुरपता मशीननेच मारली आणि एका ठिकाणी टीप गोटावरून घसरली, दोन-अडीच इंच मागे उघडं आहे. उद्या बारसं. पूर्ण बाजू उसवू का?

टेलर मास्तर (निवृत्त)

काही उसवू नका. तेवढंच हाताने बारीक तुरपा. गोटाच्या रंगाचा एकेरी दोरा, गाठ आत लपवा.

मुगाचं बिरडं

गाठ आत कशी लपवायची?

वाकळवाला

सुई उघड्या भागातून आत घाला आणि गोटाच्या दुमडीतून बाहेर काढा, गाठ आतच अडकते. आणि बंद करायच्या आधी तिथे जागा आहेच तर, भाकरी नाही तर पोळीचा चिमूटभर तुकडा.

मुगाचं बिरडं

😂 वहिनी मारेल मला. घरात आत्ता फक्त मारी बिस्किट आहे.

वाकळवाला

चालेल.